हवापालट आणि संधिवात : घर बदलण्यापूर्वी

आभाळ भरून येण्याआधीच गुडघे ठणकू लागतात, असे सांगणारे ज्येष्ठ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहेत. मृगाचा पाऊस अजून दोन दिवस दूर असतो आणि आजी म्हणतात, ‘उद्या-परवा पाऊस येणार, माझी बोटे सांगताहेत.’ घरातील तरुण मंडळी हसतात. पण पाऊस खरोखर आला की त्यांनाही क्षणभर विचार पडतो.

याच अनुभवातून पुढचा प्रश्न निर्माण होतो. हवेने दुखणे वाढत असेल, तर हवाच बदलली तर? मुंबई-डोंबिवलीच्या दमट हवेतून नाशिक-पुण्याच्या कोरड्या हवेत जावे का? की निवृत्तीनंतर कोकणातल्या मूळ घरी परतावे? मुलगा अमेरिकेत किंवा जर्मनीत असेल, तर तिथली थंडी सोसवेल का? हे प्रश्न घेऊन अनेक कुटुंबे दवाखान्यात येतात. राहते घर विकणे, तीस-चाळीस वर्षांचा शेजार सोडणे, नेहमीचा डॉक्टर, ओळखीचा औषधवाला आणि रोजची फिरायची वाट मागे टाकणे, इतके सारे या निर्णयाला लागलेले असते. म्हणून केवळ हवेच्या भरवशावर तो घेण्यापूर्वी, हवा आणि सांधे यांचे नाते किती खरे आणि किती खोल आहे, हे आपण शांतपणे समजून घ्यावे.

हवेचा संबंध आहे, पण किती?

हा समज आजचा नाही. आयुर्वेदाने भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले. कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश तो जांगल. पाणथळ आणि दमट तो आनूप. आणि दोहोंच्या मधला तो साधारण. कोणत्या प्रदेशात कोणते विकार बळावतात, याचा विचार आपल्या वैद्यांनी केला होता. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेतही हवा, पाणी आणि स्थळे यांवर स्वतंत्र ग्रंथ आहे.

आधुनिक काळात या समजाची अनेकदा कसोटी लागली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी संधिवाताच्या काही रुग्णांना हवा नियंत्रित केलेल्या खास खोलीत ठेवले. आर्द्रता वाढवणे आणि हवेचा दाब उतरवणे या दोन गोष्टी एकाच वेळी केल्या, तेव्हा त्यांतील बऱ्याच जणांचे दुखणे वाढले. रुग्ण मोजकेच होते, तरी हवेचा काही परिणाम होतो हे त्यातून दिसले.

याउलट १९९६ साली रेडेलमायर आणि ट्वेर्स्की या दोन संशोधकांनी १८ रुग्णांच्या दुखण्याची १५ महिन्यांची नोंद हवामानाच्या नोंदीशी ताडून पाहिली. त्यांना संबंध आढळला नाही. पाऊस आणि दुखणे एकत्र आले तो दिवस आपल्या लक्षात राहतो. पाऊस आला पण दुखले नाही, किंवा लख्ख उन्हात दुखले, ते दिवस आपण विसरतो, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ साली अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या डॉक्टरांकडील एक कोटीहून अधिक भेटी तपासल्या गेल्या. पावसाच्या दिवशी सांधे आणि पाठ दुखण्याच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या नाहीत.

मग २०१९ साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. त्यात २,६५८ रुग्णांनी १५ महिन्यांच्या काळात आपल्या दुखण्याची रोजची नोंद मोबाइलवर केली होती. येथे संबंध आढळला. दमट हवा, जोराचा वारा आणि उतरलेला दाब असलेल्या दिवशी दुखणे वाढण्याची शक्यता इतर दिवसांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक होती. आकडा मोठा वाटतो, म्हणून तो नीट वाचावा. एरवी १०० पैकी ५ जणांचे दुखणे वाढत असेल, तर अशा वाईट दिवशी ६ जणांचे वाढेल, इतकाच त्याचा अर्थ.

या साऱ्यांतून डॉक्टर म्हणून मी जे घेतो ते असे. हवेची बाधा काही जणांना खरोखर होते. आजींची बोटे त्यांना फसवत नसतील. पण ही बाधा लहान असते, काही दिवसांची असते, आणि ती दुखण्याला होते. सांध्यातील कूर्चेची झीज हवेने वाढल्याचे किंवा हवा बदलून ती भरून आल्याचे कोणी दाखवलेले नाही.

दुखणे वाढते ते कशाने?

नेमके कारण एकच नाही. थंडीत स्नायू आखडतात, सांध्यातील वंगण थोडे घट्ट होते आणि सकाळी उठताना सांधा ‘धरल्या’सारखा वाटतो. हवेचा दाब उतरला की सांध्याभोवतालच्या, आधीच सुजलेल्या ऊती किंचित फुगत असाव्यात, असेही मानले जाते. याशिवाय एक साधे कारण आहे, ज्याकडे आपले लक्ष जात नाही. पाऊस लागला की फिरणे बंद होते. चार दिवस माणूस खुर्चीत बसून राहतो. मांडीचे स्नायू शिथिल पडतात, झोप बिघडते, मन उदास होते. पाचव्या दिवशी गुडघा दुखतो तो पावसाने, की बसून राहिल्याने?

दाबाविषयी एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. मुंबईहून बोरघाट चढून तेथे पोहोचेपर्यंत हवेचा दाब सुमारे ६० मिलिबारने उतरतो. पावसाळ्यातील कमी दाबाच्या पट्ट्यामुळे एखाद्या गावी होणारा फरक बहुधा १० मिलिबारच्या आसपास असतो. कमी दाब हेच दुखण्याचे मूळ असते, तर पुण्यात स्थायिक झालेल्या प्रत्येक मुंबईकराचे सांधे बारा महिने ठणकत राहिले असते. तसे होत नाही. शरीराला जाणवतो तो बदल. बदल स्थिरावला की शरीरही त्याला सरावते.

गावाचे हवामान आणि तेथील माणसे

घर बदलण्याच्या निर्णयात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार शहरांतील, जुन्या दुखण्याने त्रस्त असलेल्या पाचशेहून अधिक रुग्णांना हवेविषयी विचारले गेले. बॉस्टन आणि वूस्टर ही कडाक्याच्या थंडीची शहरे, नॅशव्हिल मधले, आणि सॅन दिएगो बारमाही सौम्य, उबदार हवेचे. अपेक्षा अशी की सॅन दिएगोचे लोक सुखी असतील. पण हवा बदलली की दुखते, ही तक्रार तेथेही कमी नव्हती.

युरोपातील सहा देशांमध्ये, गुडघा, खुबा किंवा हाताच्या सांध्यांची झीज झालेल्या ज्येष्ठांचा असाच अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी हवेचा आपल्या दुखण्यावर परिणाम होतो असे सांगितले. आणि असे सांगणाऱ्यांचे प्रमाण स्वीडनसारख्या थंड देशापेक्षा इटली-स्पेनसारख्या उबदार देशांत अधिक होते. चिंता असणाऱ्यांनाही हवा अधिक बाधत होती.

उबदार गावी गेल्यावर प्रारंभी बरे वाटू शकते. नवी जागा, नातवंडांचा सहवास, कामाचा कमी झालेला ताण यांचाही त्यात वाटा असतो. पण काही महिन्यांनी शरीर त्या हवेला सरावते आणि तेथील लहानसहान बदलही जाणवू लागतात. हवापालट विश्रांतीसाठी उत्तम आहे. उपचार म्हणून तिच्यावर घर विकण्याइतका भार टाकू नये.

आपल्याकडील हवा

तरीही प्रत्येक प्रदेशाच्या हवेचे काही गुणदोष आहेत आणि ते माहीत असावेत.

कोकणात थंडी बेताची असते. सकाळी सांधे मोकळे होण्यास ती हवा अनुकूल आहे. पण रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि अंगण यांवर शेवाळ धरते. गुडघ्याच्या दुखण्याने आधीच तोल अस्थिर झालेल्या माणसाला या पायऱ्या फार धोक्याच्या. हवेने वाढलेले दुखणे चार दिवसांत ओसरते; खुब्याचे हाड मोडले, तर आयुष्याचा क्रमच बदलतो.

पुणे-नाशिकची हवा कोरडी, ही समजूत अर्धीच खरी आहे. पुण्याचा वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर असला, तरी आषाढ-श्रावणात तेथील हवाही दमटच असते. आणि नाशिक-निफाडच्या पट्ट्यात पौष-माघात पारा एक अंकी होतो. मुंबईकराला या थंडीची सवय नसते. आपल्या घरांमध्ये खोली उबदार ठेवण्याची सोयही नसते, त्यामुळे पहाटे फरशी बर्फासारखी लागते.

महाबळेश्वरसारखी घाटमाथ्यावरची ठिकाणे चार दिवसांच्या सहलीला रम्य वाटतात. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, धुके आणि ओल यांत संधिवाताच्या रुग्णाने बारमाही राहणे कठीण.

विदर्भातील कोरडी ऊब काहींना मानवते. पण वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात शरीरातील पाणी कमी होते. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नेहमी घेणाऱ्या, त्यातही रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असलेल्या ज्येष्ठांच्या मूत्रपिंडाला तेव्हा इजा पोहोचू शकते. युरिक ॲसिड वाढून होणारा गाऊट, ज्याला आयुर्वेदात वातरक्त म्हणतात, तोही पाणी कमी पडले की उसळतो.

परदेशाविषयी थोडे उलटे चित्र आहे. बर्फाच्या देशांत बाहेर कडाका असला, तरी घराच्या आत वीस-बावीस अंशांची ऊब असते. त्यामुळे पुण्यातील माघाच्या पहाटेपेक्षा तेथील सकाळ सुसह्य वाटणे शक्य आहे. तेथील खरी अडचण म्हणजे घरात अडकून पडणे, बर्फावरून घसरण्याचे भय, कमी ऊन आणि एकटेपणा.

संधिवात कोणता, हे आधी ठरवावे

आपण सर्वच दुखण्यांना ‘वात’ म्हणतो. पण स्थलांतराचा विचार करताना निदान स्पष्ट हवे.

झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, बहुधा गुडघे, खुबा, मणके आणि बोटांच्या टोकांकडील सांधे धरतो. सकाळचा ताठरपणा थोडाच वेळ, सहसा अर्ध्या तासाच्या आत, टिकतो. या रुग्णाच्या दृष्टीने जिने, चढ-उतार आणि चालण्याची सपाट वाट यांना हवेपेक्षा अधिक महत्त्व आहे.

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला सामान्यतः आमवात म्हटले जाते, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक राहतो, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात. हा आजार कोणत्याही हवेत औषधांशिवाय आटोक्यात राहत नाही. ‘तिकडची हवा कोरडी आहे, गोळ्या कमी करून पाहू’ हा विचार येथे सांध्यांना कायमचे वाकडेपण देऊ शकतो. अशा रुग्णाने नव्या गावापासून तज्ज्ञ आणि रक्ततपासणीची प्रयोगशाळा किती दूर आहे, हे प्रथम पाहावे.

आणखी एक सूचना. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, तर तो हवेचा दोष मानून घरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यातील ताप आणि त्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी यामागे चिकुनगुनियाही असू शकतो. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे.

हवेआधी घर पाहावे

समजा, डोंबिवलीचे एक सत्तरीतील जोडपे आहे. दोघांचेही गुडघे दुखतात. दुसऱ्या मजल्यावरील घर, इमारतीला उद्वाहन नाही. त्यांना वाटते, दमट हवा सोडून नाशिकला गेलो की त्रास कमी होईल. नाशिकला ते तळमजल्यावर राहू लागले आणि खरोखर बरे वाटले, तर श्रेय हवेला मिळेल. प्रत्यक्षात दिवसातून चार वेळा चढावे लागणारे जिने संपलेले असतील. हेच घर डोंबिवलीतच तळमजल्यावर मिळाले असते, तर शेजारही राहिला असता आणि गुडघेही सुटले असते.

म्हणून जागा पाहताना पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात :

• घर तळमजल्यावर आहे का? नसल्यास लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर ती चालते का?
• कमोड आहे का? न्हाणीघराची फरशी खडबडीत आहे का, भिंतीला धरायला दांडा बसवता येईल का?
• घराबाहेर सपाट, सावलीची, वाहनांची वर्दळ नसलेली फिरण्याची वाट आहे का? पावसात फिरण्यासाठी लांब व्हरांडा किंवा छत असलेली जागा आहे का?
• खोलीत सकाळचे ऊन येते का? भिंतींना ओल येते का?
• अर्ध्या-पाऊण तासात अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय गाठता येते का?
• आरोग्य विमा तेथील रुग्णालयात चालतो का?
• हाक मारली तर येणारे माणूस किती अंतरावर आहे?

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. एकट्या पडलेल्या माणसाचे दुखणे अधिक तीव्र होते, हे प्रत्येक डॉक्टर पाहतो.

वाईट महिन्यात राहून पाहावे

नवे गाव बहुधा दिवाळीनंतर किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पाहिले जाते. तेव्हा कोकण आल्हाददायक असते आणि नाशिकही. निर्णय मात्र त्या गावाच्या सर्वांत कठीण महिन्यात राहून घ्यावा. कोकणात जायचे तर आषाढात, नाशिकला पौषात, नागपूरला वैशाखात तीन-चार आठवडे भाड्याने किंवा आप्तांकडे राहावे. पाहुणा म्हणून राहू नये. स्वतः भाजी आणावी, स्वयंपाक करावा, बँकेत जावे.

या काळात एका वहीत रोज रात्री पाच नोंदी कराव्यात. दुखणे शून्य ते दहापैकी किती. सकाळी सांधे मोकळे व्हायला किती मिनिटे लागली. किती मिनिटे चाललो. वेदनाशामक गोळी घेतली का. झोप कशी लागली. निघण्यापूर्वी आपल्या सध्याच्या घरीही तीन आठवडे अशीच नोंद ठेवावी, म्हणजे तुलना करता येईल. हवेची नोंद त्या वहीत करू नये. ‘आज ढग आहेत’ असे लिहिले की मन दुखण्याचा आकडा आपोआप वाढवते. दोन्ही वह्यांत फारसा फरक नसेल, तर हवेसाठी घर सोडण्याचे कारण उरत नाही. मुलांजवळ राहण्याची ओढ असेल, तर ते कारण स्वतःच पुरेसे आहे. त्यासाठी हवेचा आधार शोधण्याची गरज नाही.

जायचे ठरलेच तर

जुने एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि औषधांची यादी एका धारिकेत लावून न्यावी. दोन महिन्यांची औषधे जवळ असावीत. मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. घर हलवण्याच्या गडबडीत ते चुकून रोज घेतले गेल्यास जीवावर बेतते. त्याचा वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकाएकी बंद करू नयेत. सामानाची बांधाबांध इतरांवर सोपवावी आणि पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यातच नव्या डॉक्टरांना भेटून ओळख करून घ्यावी.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती आहे. ‘तिकडे चला, सारे बरे होईल’ असे वचन देऊ नका. तसे झाले नाही, की त्या वृद्ध जीवाला आपल्याच दुखण्याची लाज वाटू लागते आणि तो बोलायचे थांबतो. ‘दुखेल तिथेही, पण आपण जवळ असू’ हे अधिक प्रामाणिक आश्वासन आहे.

आणि जे आहेत तेथेच राहणार आहेत, त्यांच्या हातीही पुष्कळ आहे. वजन अधिक असल्यास ते एका किलोने उतरले, तरी चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच-सहा सेकंद धरणे, हा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा करावा. पावसात घरातच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालाव्यात. थंडीत पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर फिरावे, गुडघ्यांना लोकरी पट्टा आणि पायांत मोजे घालावेत, उठण्यापूर्वी अंथरुणातच घोटे आणि गुडघे हलवून घ्यावेत. कोमट पाण्याचा शेक सोसवेल तितकाच घ्यावा; मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर पाण्याचे तापमान दुसऱ्याने पाहावे. आभाळ भरून आले आणि बोटे ठणकू लागली, तर त्या दिवशी व्यायाम निम्मा करावा, पण बंद करू नये.